पिंजऱ्यातील पक्षी आणि कुलूपबंद कामगार



आजचा विषय ताटाशी निगडित आहे, म्हणून प्रारंभीच एक खुलासा करतो. कोणी काय खावे हे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. अन्नावरून माणसाला हिणवण्याची रीत आपल्या समाजाने पुष्कळ सोसली आहे. आमचा प्रश्न एवढाच की, हे अन्न ज्या कारखान्यांतून येते, तेथे पक्ष्याचे आणि माणसाचे काय होते?

आमच्या आजीकडे चार-पाच कोंबड्या होत्या. दिवसभर उकिरडा उकरीत, धुळीत लोळत आणि दिवेलागणीला डालग्याखाली येत. शेवटी त्यांच्याही मानेवर सुरी होतीच. पण तोवर त्या कोंबडीसारख्या जगत. अंड्यांच्या कारखान्यात तारेच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला टंकलेखनाच्या कागदाहूनही कमी जागा येते. पंख पसरता येत नाहीत. कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचतात, म्हणून तापलेल्या पात्याने त्यांच्या चोचीचे टोक कापतात. नर पिल्लू अंडी देत नाही, म्हणून ते जन्मताच मारले जाते. मांसाची कोंबडी सुमारे ४० दिवसांत एवढी वाढवतात की, पुष्कळांच्या पायांना स्वतःचे वजन पेलवत नाही. प्राण्याला हालचालीपुरती जागा नसलेल्या पिंजऱ्यात ठेवणे हा आपल्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा आहे आणि पिंजरेही आहेत!

जो हिशोब पक्ष्याला लावला जातो, तोच पुढे माणसालाही लागतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात हॅम्लेट नावाचे एक लहान गाव आहे. तेथे कोंबडीचे मांस तळून बांधून पाठवणारा कारखाना होता. ३ सप्टेंबर १९९१ रोजी सकाळी तेथे आग लागली. कामगार दारांकडे धावले, तर दारांना कुलूप! कामगार मांस चोरतील या संशयाने मालकाने दारे बंद ठेवली होती. २५ जण मृत्यू पावले; त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मांस तपासणारे सरकारी निरीक्षक त्या कारखान्यात नेहमी येत. परंतु कामगारांच्या सुरक्षिततेची तपासणी ११ वर्षांत एकदाही झाली नव्हती. २०१३ साली चीनच्या जिलिन प्रांतात कोंबड्यांच्याच कारखान्यात आग लागून शंभराहून अधिक कामगार गेले. तेथेही बाहेर पडण्याची दारे बंद होती.

दूर कशाला, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर पाहा. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात प्रथमच बर्ड फ्लू आढळला तो तेथे. एकेका शेडमध्ये हजारो पक्षी दाटीने ठेवल्यावर रोगाला वेळ कितीसा लागणार? लाखो पक्षी मारून पुरावे लागले. गिऱ्हाईक तुटले, भाव कोसळले. २०२१ मध्ये त्याच नवापुरात पुन्हा तेच घडले. बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्या आम्हांला एवढे नक्की ठाऊक आहे की, कोंबडी मेली तरी कर्जाचा हप्ता मरत नाही. करार पद्धतीत पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे. शेड आणि शेडचे कर्ज मात्र शेतकऱ्याचे. आणि त्या शेडमध्ये राबणारा मजूर? विष्ठेतून उठणाऱ्या अमोनियाने त्याचे डोळे चुरचुरतात, छाती भरते. त्याचे नाव कोणत्याच करारपत्रात नसते.

मित्रहो, भगवान बुद्धांनी पहिले शील प्राणिमात्रांविषयी सांगितले आणि सम्यक आजीविकाही सांगितली. या दोहोंना जोडूनच पाहिले पाहिजे. शेडमधला मजूर हौसेने तेथे गेलेला नाही, पोटासाठी गेला आहे. त्याच्या माथी दोष मारून आपण मोकळे होऊ शकत नाही.

मग करायचे काय? युरोपीय संघाने असे उघडे तारेचे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. म्हणजे हे अशक्य नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातील शेड पाहावेत, तेथील मजुरांना मजुरी, मास्क, औषधपाणी यांविषयी विचारावे आणि लिहून काढावे. संस्थेने ते कामगार अधिकाऱ्यांपुढे आणि पशुसंवर्धन खात्यापुढे मांडावे. अंडे दोन पैशांनी महागले तर तेवढे सोसण्याची आपली तयारी असावी. कारण आज ते दोन पैसे कोंबडी आणि मजूर भरीत आहेत.