आधी आईला विचारा



जबलपूरच्या घमापुरात भरलेल्या या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. अध्यक्षानं वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यायचा, असा प्रघात आहे. तो आढावा मी लिहून आणला आहे, संयोजकांनी छापावा. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बोलायची वाट मी फार वर्षं पाहिली आहे. थायरॉइडची गाठ घेऊन आलेल्या माणसाला आपण त्याच्या लहानपणाबद्दल काहीही विचारत नाही.

सकाळी याच परिषदेत वाद रंगला. आरईटी जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला जोडला गेला, तर ती रेडिएशनची खूण मानायची का? वादाचं मूळ चेर्नोबिलात आहे. 26 एप्रिल 1986 च्या तिथल्या अणुअपघातानंतर किरणोत्सारी आयोडिन गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये गेलं. अवघ्या चार वर्षांत बेलारूसमध्ये मुलांचे थायरॉइडचे कर्करोग वाढू लागले. लवकर उद्भवलेल्या गाठींत आरईटी-पीटीसी 3 हा जोड पुष्कळ दिसला, उशिराच्या गाठींत पीटीसी 1. प्रौढांत नेहमी आढळणारा ब्राफ जनुकातला बदल मात्र कमी. मग अनेकांनी ठरवूनच टाकलं, की हा जोड म्हणजे रेडिएशनचा अंगठा!

2021 साली ‘सायन्स’मध्ये चेर्नोबिलनंतरच्या 440 रुग्णांच्या गाठींचा अभ्यास आला. रेडिएशनची मात्रा जितकी जास्त, तितके डीएनएचे दोन्ही धागे तुटून झालेले बदल जास्त. लहान वयात मात्रा मिळालेल्यांत हे अधिकच ठळक. पण फक्त रेडिएशननंच होते अशी एकही खूण सापडली नाही. आणि ही मात्रा कळली कशी? काहींच्या गळ्याशी यंत्र धरून 1986 मध्येच मोजलं होतं. काहींच्या मात्रेचा अंदाज ते राहायचे कुठे, दूध किती प्यायचे, हेही विचारून बांधला. विचारून!

माझ्याकडे दोन तरुण मुली आल्या होत्या. दोघींच्या गाठीत आरईटीचाच जोड. सहकाऱ्यांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून बराच काथ्याकूट केला. मी दोघींच्या आयांना बोलावलं. एक म्हणाली, “छुटपन में गले की सिकाई हुई थी.” मानेतल्या हॉजकिनच्या कर्करोगासाठी दिलेलं रेडिएशन होतं ते. दुसरीच्या आईनं आठवून आठवून सांगितलं, तसं काहीच झालं नव्हतं. सकाळचा वाद माझ्यापुरता तिथेच मिटला.

पहिलीला किती मात्रा दिली होती, हे विचारायला मी त्या इस्पितळाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, जुन्या फायली रद्दीत गेल्या. त्या उत्तराचा संताप अजून माझ्या मनात आहे. जनुकं वाचणारी लाखो रुपयांची यंत्रं आपण आणतो आणि एका मुलीच्या गळ्यावर काय पडलं, तो कागद आपल्याला सांभाळता येत नाही!

चेर्नोबिल दूर आहे, असं म्हणू नका. 1950 मध्ये न्यूयॉर्कच्या डफी आणि फिट्झगेराल्ड यांनी थायरॉइड कर्करोगाची 28 मुलं तपासली. त्यांतल्या 10 जणांना तान्हेपणी थायमस ग्रंथीसाठी क्ष-किरण दिले होते. इस्रायलमध्ये डोक्यावरच्या नायट्यासाठी हजारो मुलांना दिले. दोन्हीकडे देणारे डॉक्टरच होते. आज बालपणीच्या कर्करोगातून बरी झालेली मुलं आपल्याकडेही मोठी होताहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात अशा मुलांसाठी 1991 पासून वेगळं क्लिनिक चालतं. जबलपूरच्या, मंडल्याच्या मुलांनी कुठे जायचं? थायरॉइडच्या कर्करोगाचा धोका मात्रेसोबत साधारण 20 ते 30 ग्रेपर्यंत वाढतो, त्यापुढे पेशीच मरत असल्यानं उतरतो. म्हणजे उपचार डोक्याला चालले असताना गळ्याला ओझरती लागलेली मात्राही नोंदवायला हवी.

केसपेपरवर एक ओळ वाढवू या: लहानपणी डोक्याला, मानेला, छातीला शेक दिला होता का, कुठे, कोणत्या वर्षी. जुन्या फायलींचं काय करायचं, यासाठी एखादी समिती नेमावी लागेल. तिचं स्वरूप सावकाश ठरवू. केसपेपरवरच्या त्या ओळीचा मसुदा मी आणला आहे. चहाच्या टेबलावर ठेवते. दुरुस्त्या पेनानं त्यावरच करा आणि सही करायला विसरू नका.