आठ मुलींची शाळा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. तेथे राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे ठरले आहे. स्मारकाला माझा विरोध नाही. परंतु १८४८ साली त्या वाड्यात निघालेली मुलींची शाळा काही महिन्यांतच बंद पडली, ही गोष्ट आपण सहसा सांगत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई यांना तर घरही सोडावे लागले. शाळा काढण्यास धैर्य लागते. ती टिकविण्यास धैर्याबरोबर व्यवस्थाही लागते.

ही व्यवस्था पुढे उभी राहिली. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा सुरू झाली, तेव्हा पटावर मुली होत्या आठ. त्याच वर्षी रास्ता पेठेत दुसरी आणि मार्च १८५२ मध्ये वेताळ पेठेत तिसरी शाळा निघाली. कारभार व्यवस्थापक मंडळीकडे होता. परीक्षा लोकांसमक्ष होत. फेब्रुवारी १८५३ च्या परीक्षेस २३७ मुली बसल्या. सावित्रीबाई वेतन न घेता शिकवीत. शाळांना दक्षिणा फंडातून साहाय्य मिळाले. पेशवाईत ब्राह्मणांना दक्षिणा म्हणून वाटला जाणारा पैसा मुलींच्या शिक्षणाकडे वळला, ही अर्थकारणातील लहानशी क्रांतीच होती.

सामुदायिक कारभाराची किंमतही जोतीरावांनी मोजली. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी सांगितले की, नऊ-दहा वर्षे काम केल्यावर काही कारणांमुळे आपण या शाळांपासून दूर झालो. कारणांचा तपशील त्यांनी दिला नाही. कोणावर ठपका ठेवला नाही. शाळा मात्र चालू होत्या, हेही त्यांनी नमूद केले. आज संस्था म्हणजे घरची इस्टेट समजणाऱ्या शिक्षणसम्राटांनी, आणि आपल्या चळवळीतील संस्थाचालकांनीही, यावर विचार करावा.

त्याच निवेदनात जोतीराव म्हणतात की, सरकारी महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. सावित्रीबाईंचा त्याग वंदनीय आहे. पण त्यागावर राज्याचे शिक्षण चालत नाही. ते सार्वजनिक पैशावरच चालले पाहिजे.

२०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळांत विलीन करण्याचा प्रस्ताव पुढे आला. हाच निकष १८५१ साली लावला असता, तर आठ मुलींच्या त्या शाळेचे काय झाले असते? शाळा दूर गेली की प्रथम घरी बसते ती मुलगी.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक केले आहे. अनेक ठिकाणी या समितीची बैठक कागदावरच होते. आपल्या गावातील समितीची बैठक खरोखर भरते काय, तिच्यातील स्त्रिया बोलतात काय, हिशेब मागतात काय, हे आपण पाहिले पाहिजे. स्मारक सरकार बांधील. शाळा मात्र आपल्यालाच राखावी लागेल.