आईच्या गावातली तपासणी



काल जेवताना तुम्ही विचारलंत, "तू प्रयोगशाळेत दिवसभर करतेस तरी काय?" आणि आज थेट माइकच हातात दिलात. दहावीच्या तोंडी परीक्षेत माझी काय गत झाली होती, ते सरांना आठवत असेलच! तर आपल्याच भागातली गोष्ट सांगते.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आपल्या आयांच्या पिढीने खूप पाहिला. घरात मात्र त्याचं नाव निघत नसे. "तिला अंगावरून जातं," एवढंच कुजबुजायचं.

१९८३ साली जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला या गाठींत पॅपिलोमा विषाणूचा एक नवा प्रकार सापडला. पण एका प्रयोगशाळेतल्या थोड्या गाठींवरून साऱ्या जगाबद्दल कसं बोलणार? म्हणून फ्रान्समधल्या ल्यों शहरातील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २२ देशांतून सुमारे १००० नमुने गोळा झाले. १९९५ साली निष्कर्ष आला : ९३ टक्के गाठींत विषाणू. उरलेल्या गाठी पुन्हा तपासल्या, तेव्हा १९९९ साली तो आकडा ९९.७ वर गेला. कारण पक्कं झालं.

पण कारण कळून खेड्यातली बाई वाचते का? ते पाहायला हीच संस्था, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्याच वर्षी आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवात, उतरले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह. कुठल्या समूहाला कोणती तपासणी, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. आईचं गाव विषाणूच्या चाचणीत आलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणत ती दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा शेजारच्या काकूंनी हाताला धरून नेलं.

आठ वर्षांनी हिशेब झाला. चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी या रोगाने ३४ गेल्या. एका गटाला नुसती माहिती दिली होती, त्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने, आणि दोष दिसला तिथे वेळीच केलेल्या उपचाराने, मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे छापून आलं. आज जागतिक आरोग्य संघटना हीच चाचणी पहिली करा म्हणते.

त्या माहितीच्या गटावरून पुढे टीकाही झाली. तपासणीने जीव वाचतो असं वाटत असताना इतक्या बायकांना तशाच ठेवायच्या का? बाहेर तरी त्यांना तपासणी कुठे मिळत होती, असं उत्तर देतात. मला ते पुरेसं वाटत नाही. पण तुलनेला तो गट नसता, तर आकड्यांवर कुणी विश्वासही ठेवला नसता. मी या पेशात असूनही माझा निकाल लागलेला नाही.

मागच्या दिवाळीत हे सगळं आईला सांगितलं. कौतुक वाटेल असं वाटलं होतं. तिने वाती वळता वळता विचारलं, "त्या चौसष्टांत आपल्या ओळखीचं कुणी होतं का गं?"

कागदावर नावं नसतात, म्हटलं.