सहा चाकांची हवा



माझं आयुष्य गाडीखाली गेलं, म्हणून विषयही गाडीखालचाच घेतो. काही लष्करी ट्रकांमध्ये ड्रायव्हरला केबिनमध्ये बसल्या जागी टायरची हवा कमी-जास्त करता येते. ही यंत्रणा म्हातारी होऊन गळायला लागली की ती दुरुस्त करायची की काढून टाकायची? आपल्या मिस्त्री मंडळींकडे याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं : "काढून टाका, साधे व्हॉल्व्ह लावा." हे उत्तर काही वेळा बरोबरही असतं. पण ते दोन मिनिटांत देऊ नये, एवढ्यासाठी मी आज बोलणार आहे.

ही सोय दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकेची 'डक' नावाची, पाण्यातही चालणारी सहाचाकी गाडी समुद्रातून वाळूवर चढायची, तेव्हा ड्रायव्हर सीटवरूनच टायर नरम करायचा आणि पुढे रस्ता लागला की पुन्हा भरायचा. रशियनांनी १९५८ साली झिल-१५७ या ट्रकात हवेची वाट एक्सलच्या आतून नेली आणि पुढे झिल-१३१, उराल-३७५डी अशा गाड्यांत तीच पद्धत ठेवली. आपल्या लष्करात ग्रॅड रॉकेट लाँचर आले ते या उरालवरच. माझा हात बसला तोही तिच्यावरच.

वाळूत टायर नरम का करायचा, याचा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल. एका चाकावर २,००० किलो भार धरा. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ३.२ किलो हवा असेल, तर चाक साधारण ६२५ चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतं. हवा १ किलोवर आणली की तेच चाक २,००० चौरस सेंटिमीटर पसरू बघतं. टायरच्या भिंती थोडा भार उचलतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी भरतो, पण टाच रुतवणारं चाक पंजा टेकून चालायला लागतं. उरालची हवा अर्ध्या किलोपर्यंत उतरवता येते. मात्र अशा नरम टायरवर गाडी रांगतच न्यायची. त्याच हवेवर डांबरी रस्ता धरला, तर टायरच्या भिंती वाकून वाकून तापतात आणि फाटतात.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. फौजेत असताना राजस्थानात आमचा मुक्काम होता. मी नवा होतो. उरालच्या प्रत्येक चाकाला एक तोटी असते. रात्री गाडी उभी करताना सहाही तोट्या बंद करायच्या, हा नियम. मी त्या उघड्या ठेवून झोपलो. सकाळी बघतो तर गाडी सहाही चाकांवर बसलेली, टायर रिमखाली चेपलेले. गळती एकाच हबात होती, पण तोट्या उघड्या असल्या की सहाही चाकांची हवा एकाच नळीला जोडलेली असते. एका भोकातून रात्रभरात सगळी गेली.

मला वाटलं, आता मला काम शिकवणारे उस्ताद फाडून खाणार. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिन सुरू करवलं, नळीत हवा खेळू दिली आणि गुडघे टेकून एकेका हबाला कान लावत निघाले. मागच्या उजव्या चाकापाशी थांबले, माझा हात धरला आणि तळवा हबाजवळ नेऊन ठेवला. उन्हानं तापलेल्या त्या लोखंडाशेजारी हवेची एक बारीक, थंड धार माझ्या तळहाताला लागत होती. गळती म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

ती धार येते कुठून? न फिरणाऱ्या एक्सलमधून फिरणाऱ्या चाकात हवा न्यायची, तर दोघांच्या मधे रबरी सीलं लागतात. ही सगळी यंत्रणा त्या सीलांच्या ओठांवर उभी आहे. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते रबर लाकडासारखं होतं. सील गेलं की हवा हबात शिरते आणि ग्रीसला बाहेरची वाट दाखवते. ते ग्रीस ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं, तर प्रश्न टायरचा राहत नाही. नंतरच्या अमेरिकन एम९३९ए२ ट्रकांत यावर चांगला तोडगा आहे. हवा तपासून किंवा भरून झाली की चाकावरचा व्हॉल्व्ह आपोआप मिटतो आणि मधली नळी रिकामी होते, त्यामुळे सीलांवर कायमचा दाब राहत नाही. पण तिथे चाकावरचे डायफ्राम, नळ्यांतलं पाणी आणि केबिनमधला इलेक्ट्रॉनिक डबा ही नवी दुखणी आली. अमेरिकन लष्करानं विकलेले हे ट्रक तिकडे खाजगी मालकांकडे आहेत आणि त्यांच्यापुढेही हाच प्रश्न आहे.

फौजेत आम्ही दोन शिक्के वापरायचो. 'बीएलआर' म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या आवाक्याबाहेरचं आणि 'बीईआर' म्हणजे दुरुस्तीचा खर्च न परवडणारं. माझी तक्रार अशी, की गळती कुठे आहे हे शोधायच्या आधीच आपण अख्ख्या यंत्रणेवर बीईआरचा शिक्का मारतो. पहिल्या रात्री सहाही तोट्या बंद करा, गेजवर आकडे घ्या, खडूनं टायरवर लिहा. सकाळी जे चाक उतरलं असेल, तिथे ट्यूब, व्हॉल्व्ह किंवा तोटीचं पॅकिंग, यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. हे काम दुपारपर्यंत उरकतं. चाकं टिकली, तर दोष आतल्या बाजूला. इथे एक फसगत होते. लोक एकच तोटी उघडून ठेवतात आणि ते चाक उतरलं की त्याच चाकाचा हब खोलतात. पण सील तोटीच्या अलीकडे आहे. एक तोटी उघडली तरी सहाही हबांच्या सीलांवर हवा जाते. तेव्हा चेसिसवरून एक्सलकडे जाणारी नळी सोडवा, तोंड बंद करा, एकेक एक्सल वेगळा काढून तपासा. साबणाचं पाणी घ्या. हात लावा.

एवढं झालं की मालकाला विचारा, गाडी कुठे चालणार? फक्त डांबरावर माल वाहणार असेल, तर यंत्रणा खुशाल काढा, पण पूर्ण काढा. हबांची तोंडं पक्की बंद करा, हवेच्या टाकीकडून येणारी नळी टाकीपाशीच तोडा, काढलेले भाग नावाच्या चिठ्ठ्या बांधून पेटीत ठेवा. गाडी रेतीत, चिखलात जाणार असेल, तर सगळी सीलं एकदम बदला, आज एक आणि दिवाळीनंतर दुसरं असं नको. अर्धी चालू, अर्धी बंद यंत्रणा मला सगळ्यांत धोक्याची वाटते. टायर आणि ब्रेक एकाच कंप्रेसरची हवा खातात. टायर गळत राहिला तर कंप्रेसर त्याच्याच मागे धावतो. म्हणून ब्रेकपुरती हवा राखून ठेवणारा व्हॉल्व्ह आधी तपासा. तो चालत नसेल तर त्या दिवशी गाडी हलवू नका, मालक कितीही घाई करो.

गेल्या महिन्यात एका संस्थेनं मला त्यांच्या आवारातली जुनी उराल दाखवली. वर्षातून एकदा संचलनात फिरते, तीही डांबरावर. माझ्याच नियमानं यंत्रणा काढायला हवी होती. पण मुलं ती गाडी बघायला येतात. टायर चालता चालता कसा नरम होतो, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं नाही, तर त्या गाडीतलं सांगण्यासारखं निम्मं गेलं. म्हणून मी दुरुस्ती करायची ठरवली. पहिल्या रात्रीनंतर पाच टायरांवरचे खडूचे आकडे गेजशी जुळले. सहाव्याची तोटी गळत होती, पॅकिंग बदललं. मग एक्सल वेगळे करून पाहिले, तेव्हा मधल्या एक्सलच्या डाव्या हबाला फेस आला.

तो हब येत्या शनिवारी सकाळी सात वाजता उघडायचा आहे. तुमच्यापैकी जे तरुण आहेत, ज्यांनी हे सील कधी हातात घेतलेलं नाही, त्यांनी जरूर यावं. खोलण्याआधी इंजिन सुरू करून नळीत हवा सोडणार आहे. एकेकानं पुढे या आणि तळवा हबाजवळ धरा.