बाळाचें नांव आणि त्यांतील बदल
(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवसांत देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा केव्हां आली, वेदी कोणाच्या देणगींतून उभी राहिली, यांविषयीं बोलण्याचा प्रघात आहे. आणि तें काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनीं कालच्या सभेंत उत्तम प्रकारें केलें आहे. आमच्या वांट्यास पालकांपुढें बोलणें आलें. म्हणून देवळाच्या दगडविटा सोडून त्याच्या कपाटांतील एका जाड पुस्तकाकडे आपलें लक्ष वेधावयाचें आम्हीं ठरविलें आहे. तें पुस्तक म्हणजे स्नानसंस्काराची नोंदवही. आपणां सर्वांचीं नांवें त्यांत आहेत, आणि आपल्यापैकीं बहुतेकांनीं तें कधीं उघडून पाहिलेलें नाहीं.

या नोंदवहीसंबंधानें तरुण आईबाप अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. बाळाचें नांव ठेवलें खरें, पण आतां तें बदलावेंसें वाटतें. बदलतां येतें काय? बदलल्यास पाप लागतें काय? स्नानसंस्कार पुन्हां करावा लागतो काय? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतों, कारण तें सोपें आहे. स्नानसंस्कार पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नांवानें होतो. बाळाच्या नांवानें नव्हे. आजारी अर्भकावर दवाखान्यांत घाईघाईनें पाणी ओतून योग्य शब्द उच्चारले आणि त्या गडबडींत बाळाचें नांव घ्यावयाचें राहून गेलें, तरी संस्कार पूर्ण होतो. या संस्कारानें आत्म्यावर उमटणारी मुद्रा पुसली जात नाहीं. म्हणून नांव बदलल्यानें तो नाहींसा होत नाहीं, आणि नांव बदलण्यासाठीं तो दुसऱ्यांदा देतांहि येत नाहीं. कित्येक मातांच्या मनांत या बाबतींत उगीच भीति असते, ती त्यांनीं टाकून द्यावी.

पाप लागतें काय, या प्रश्नाचें उत्तर मात्र नांव कशासाठीं बदललें, यावर अवलंबून आहे. आणि तें शोधावयास आपणांस फार दूर जावें लागत नाहीं. पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकांत एका बापानें आपल्या नवजात मुलाचें नांव बदलल्याची कथा आहे.

याकोब आपल्या कुटुंबासह बेथेल सोडून एफ्राथाच्या वाटेनें चालला असतां वाटेंतच राहेलीला वेणा सुरू झाल्या. प्रसूति अत्यंत कठीण झाली. सुईण तिला धीर देत होती कीं, भिऊं नको, हाहि मुलगाच आहे. परंतु राहेलीचा प्राण जात होता, आणि जातां जातां तिनें बाळाचें नांव ठेविलें बेनओनी, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र. ज्या स्त्रीनें मुलासाठीं वर्षानुवर्षें आक्रोश केला, तिचा तो शेवटचा उद्गार. मरणाऱ्या पत्नीचा शब्द मोडावयास कोणाहि पुरुषाचें मन धजणार नाहीं. पण याकोबानें तो मोडला. त्यानें मुलाला बन्यामीन म्हटलें, म्हणजे उजव्या हाताचा पुत्र.

याकोब निष्ठुर होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या राहेलीसाठीं त्यानें सासऱ्याच्या घरीं चौदा वर्षें राबून घेतलें, तिचा त्याला विसर पडणें शक्यच नव्हतें. पुढें लागलीच शास्त्र सांगतें कीं, त्यानें तिच्या कबरेवर स्तंभ उभारला. म्हणजे दुःखाची खूण त्यानें ठेविली, पण ती दगडावर ठेविली, लेकराच्या माथ्यावर नव्हे. ज्या मुलाला दिवसांतून दहा वेळां हांक मारावयाची, त्या प्रत्येक हांकेसरशीं तुझ्या जन्मानें आई गेली असें त्यास ऐकविणें बापाला रुचलें नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. शास्त्रकर्त्यानें राहेलीनें दिलेलें नांव गाळलें नाहीं. दोन्हीं नांवें शेजारीं शेजारीं लिहिलेलीं आजहि आपण वाचतों. नोंदवहीचा हाच धर्म आहे, त्याकडे आपण पुढें वळूं.

असलीं दुःखाचीं किंवा तिरस्काराचीं नांवें आपल्या महाराष्ट्रांतहि पुष्कळ आहेत. पाठोपाठ मुलें दगावलीं म्हणजे पुढच्या मुलाला धोंडू, दगडू, केरू म्हणावयाची जुनी रीत होती. मृत्यूची दृष्टि त्याच्यावर पडूं नये, हा भाबडा हेतु. त्या नांवाआड निदान माया तरी दडलेली असे. परंतु मुलीवर मुली झाल्या म्हणजे शेवटचीला ‘नकुशी’, अर्थात् नको असलेली, असें नांव देण्याच्या रीतींत माया कोठें शोधावी? सातारा जिल्ह्यांत सन २०११ च्या ऑक्टोबर महिन्यांत एक समारंभ होऊन अशा २८५ मुलींचीं नांवें बदलण्यांत आलीं. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली झाली. त्यांतील पुष्कळजणी पाळण्यांतल्या नव्हत्या. शाळेच्या हजेरीपटावर रोज तें नांव ऐकून उभ्या राहिलेल्या मुली त्यांत होत्या. पहिल्याच वर्षीं कोणी याकोब त्यांच्या घरीं असता तर इतकीं वर्षें त्यांनीं तें ओझें वाहिलें नसतें. आपण ख्रिस्ती लोक असलीं नांवें ठेवीत नाहीं, हें खरें. पण तिसरी मुलगी झाल्याचें कळतांच आपल्याहि घरांतून जो एक उसासा निघतो, तो आम्हीं ऐकलेला आहे. म्हणून शेजाऱ्यांकडे बोट दाखविण्याचा फारसा अधिकार आपणांस नाहीं.

तेव्हां बाळाच्या हितासाठीं नांव बदलणें हें पाप नव्हे. कित्येकदां तें कर्तव्य असतें. परंतु बहुतेक घरांत नांव बदलण्याची गोष्ट निघते ती याकोबाच्या कारणासाठीं निघत नाहीं. ती निघते नातलगांच्या रुसव्याफुगव्यामुळें.

हा प्रकारहि नवा नाहीं. योहान बाप्तिस्ता जन्मल्यावर आठव्या दिवशीं शेजारीपाजारी व आप्तेष्ट जमले, आणि त्यांनीं मुलाला बापाचें नांव जखऱ्या देण्याचें परस्परच ठरवून टाकलें. अलीशिबेनें नाहीं म्हटलें. तेव्हां मंडळींनीं आजहि ऐकूं येतो तोच आक्षेप घेतला कीं, तुमच्या कुळांत या नांवाचें कोणीच नाहीं! मग बायकोला डावलून त्यांनीं खुणांनीं बापास विचारलें. बापानें पाटी मागविली आणि आईनें सांगितलेलेंच नांव लिहिलें. दोघांचें एकमत पाहून मंडळी चकित झाली. २४ जूनला या जन्माचा सण आपण करतों, तेव्हां या घरगुती प्रसंगाकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. स्नानसंस्काराच्या विधीचा आरंभच धर्मगुरूंनीं आईबापांस विचारलेल्या प्रश्नानें होतो कीं, या बाळास तुम्ही कोणतें नांव देतां. तो प्रश्न आजोबांस नाहीं, आत्याबाईंस नाहीं, आणि धर्ममातापित्यांसहि नाहीं. वडिलांचा सल्ला अवश्य घ्यावा. पण उत्तर दोघांनीं एका तोंडानें द्यावयाचें असतें.

येथें नवसाचा प्रश्न येतो, आणि तो नाजूक आहे. सुनेचें बाळंतपण सुखरूप होवो म्हणून सासूबाई संत अंतोनीला नवस करतात कीं, मुलगा झाला तर तुझें नांव ठेवूं. मुलगा होतो, आईबाप दुसरें नांव ठेवितात, महिन्याभरानें मुलाला ताप येतो, आणि नवस मोडला म्हणून घरांत रडारड सुरू होते. मग नांव बदलण्यासाठीं सारें घर देवळाकडे धांवतें. आजींच्या भक्तीबद्दल आमच्या मनांत आदर आहे. परंतु ख्रिस्तसभेचा नियम असा आहे कीं, नवस हा स्वभावतःच जो करितो त्यालाच बांधतो, दुसऱ्याला नाहीं. आजींनीं नवस केला असेल तर त्यांनीं तो प्रार्थनेनें अथवा दानधर्मानें फेडण्याविषयीं आपल्या धर्मगुरूंशीं बोलावें. योग्य कारण असल्यास खाजगी नवसांतून मोकळीक देण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या धर्मगुरूंस आहे. आणि संत अंतोनी तान्ह्या मुलांवर ताप धाडून वसुली करीत नाहींत, एवढा विश्वास त्यांच्यावर आपण ठेवावयास हरकत नाहीं.

याहून वाईट कारण म्हणजे अंकांचें. नांवांत एक अक्षर वाढविलें कीं मुलाचें नशीब उघडतें, असें सांगणारे लोक पैसे घेतात आणि आपलेहि लोक ते देतात. चौथ्या शतकांत अंत्युखिया नगरांत संत योहान क्रिसोस्तोम यांनीं प्रवचनांतून अशाच एका चालीचा समाचार घेतला होता. लोक अनेक दिवे लावीत, प्रत्येकास एकेक नांव देत, आणि जो दिवा सर्वांत अधिक वेळ जळे त्याचें नांव मुलास ठेवीत. हेतु हा कीं मूल दीर्घायुषी व्हावें. संतांनीं या चालीची थट्टाहि केली आणि खेदहि केला. दिव्यांच्या जागीं आतां अंक आले, एवढाच काय तो फरक.

कोणतें नांव ख्रिस्ती म्हणावें, याविषयीं थोडें सांगतों, कारण बदलाच्या विचारामागें कधीं कधीं हीहि शंका असते. सन १९१७ च्या धर्मसंहितेंत असें होतें कीं, धर्मगुरूंनीं ख्रिस्ती नांव दिलें जाईल असें पाहावें, आणि आईबाप ऐकत नसतील तर त्यांच्या नांवाला एखाद्या संताचें नांव जोडून दोन्हीं नोंदवहींत लिहावीं. सन १९८३ ची संहिता एवढेंच सांगते कीं, ख्रिस्ती भावनेला परकें असें नांव दिलें जाऊं नये. म्हणून प्रकाश, करुणा, आनंद हीं नांवें ठेवणाऱ्या आईबापांनीं आपण कांहीं अपराध केला असें मानूं नये. संत देवसहायम् यांचेंच उदाहरण घ्या. सन १७४५ मध्यें त्यांचा स्नानसंस्कार झाला तेव्हां लाजरस या नांवाचा अर्थ त्यांच्या भाषेंत उतरून देवसहायम् हें नांव झालें, आणि सन २०२२ मध्यें त्याच नांवानें ते संतपदास चढले. उलट आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचें नांव पोर्तुगीज वळणाचें. पण सन १५९७ मध्यें नागासाकीस त्यांनीं रक्त सांडल्यावर त्या नांवाला परकें कोण म्हणेल? आमचें मत विचाराल तर दोन्हीं तऱ्हेचीं नांवें देवळांत शोभतात. मात्र आज संताचें, उद्यां सिनेमांतलें आणि परवां पुन्हां संताचें, अशी धरसोड नसावी.

आतां नोंदवहीकडे वळूं. स्नानसंस्कार जन्मानंतर पहिल्या कांहीं आठवड्यांत व्हावा, असा ख्रिस्तसभेचा आग्रह आहे. म्हणजे नांवाचा निर्णय तोंवर झालेला असावा. निदान नांवाच्या वादापायीं संस्कार तरी महिनोन् महिने लांबवूं नये. धर्मगुरु बाळाचें, आईबापांचें व धर्ममातापित्यांचें नांव, जन्माची व संस्काराची तारीख आणि स्थळ लिहितात. पुढें त्याच नोंदीच्या समासांत दृढीकरणाची व विवाहाची टीप येते. एखादा मनुष्य विवाहास मोकळा आहे कीं नाहीं, हें या समासावरून कळतें. देवळांत जुझे, शाळेंत जोसेफ आणि सरकारदप्तरीं तिसरेंच कांहीं, अशी स्थिति झाली तर पंचवीस वर्षांनीं ती टीप कोणाच्या नोंदीपुढें लिहावयाची, हेंच समजत नाहीं. आणि लग्नाच्या तोंडावर तरुण मुलांस शपथपत्रें घेऊन वणवण करावी लागते. नोंद झाल्यावर धर्मगुरूंनाहि आपल्या मर्जीनें त्यांत खोडाखोड करतां येत नाहीं. बदल मान्य झाला तर तो समासांत लिहिला जातो आणि मूळ नोंद जागच्या जागीं राहते; शास्त्रांत बेनओनी राहिला, तसाच.

सरकारी कायद्याची रीतहि याहून फार निराळी नाहीं. सन १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें बाळाची नोंद नांवावांचून करतां येते. नांव मागाहून कळविल्यास निबंधक तें लिहून घेतात. बारा महिन्यांपर्यंत त्यास शुल्क पडत नाहीं, आणि त्यापुढें विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत सवलत आहे. म्हणून आमचें सांगणें असें कीं, एकमत झालें नसेल तर दवाखान्यांतल्या घाईंत सुचेल तें नांव लिहून देऊं नये. ती जागा कोरी ठेवावी. लिहिण्यांत चूक झाली असेल तर ती पुराव्यानिशीं दुरुस्त होते, तीहि समासांतच. पण एकदां लिहिलेलें नांव सोडून दुसरेंच घ्यावयाचें तर महाराष्ट्रांत सामान्यतः राजपत्रांत प्रसिद्धि करावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतींत तर शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्माची तारीख व स्थळ यांचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. तेव्हां आधीं दोघांचें एकमत, मग देवळांतील नोंद, आणि त्याच स्पेलिंगानें नगरपालिकेंतील वा ग्रामपंचायतींतील नोंद, हा क्रम ठेवल्यास पुष्कळ त्रास वांचेल.

ज्यांच्या बाळाचा संस्कार या वर्षांत झाला आहे, त्यांच्यासाठीं आज दुपारीं चारपासून संध्याकाळच्या मिस्सेपर्यंत नोंदवही कार्यालयाच्या मेजावर असेल, आणि सहाय्यक धर्मगुरु तेथें बसतील. येतांना जन्मदाखला बरोबर आणावा, म्हणजे दोन्हीं नोंदी ताडून पाहतां येतील. शक्य तर आईबाप दोघांनींहि यावें.