नेपाळात बंद पडलेली गाडी आणि वॉरंटीचा दावा



पावसाळा ओसरला की पुण्याहून, कोल्हापुराहून, नाशकाहून मोटारसायकलींचे जथे नेपाळच्या वाटेला लागतात. कुणाला मुक्तिनाथाचं दर्शन घ्यायचं असतं, कुणाला नुसतंच हिंडायचं असतं. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. कागदपत्रं दाखवून सीमेवर भन्सार भरला, म्हणजे तिथली जकात भरली, की आपल्याच नंबरची गाडी घेऊन आत जाता येतं. त्यामुळे आपण परदेशात आलो आहोत हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. ते येतं गाडी बंद पडल्यावर. घेऊन वर्षही न झालेली गाडी जोमसोमच्या रस्त्यावर मान टाकते आणि मालक फोन काढत म्हणतो, “वॉरंटीत आहे ना, कंपनी बघेल की.”

कंपनी काय बघेल, काय बघणार नाही, आणि तिने जे बघायला हवं ते तिच्याकडून कसं पदरात पाडून घ्यायचं, एवढंच आज सांगणार आहे.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. वॉरंटी गाडीतल्या दोषाची असते, तुमच्या प्रवासाची नसते. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका काढून वाचा. साहित्यात किंवा कारखान्यातल्या जोडणीत दोष निघाला तर तो भाग दुरुस्त करून किंवा बदलून देऊ, असं त्यात म्हटलेलं असतं. मुदत वर्षांची आणि किलोमीटरची, आणि दोन्हींतलं जे आधी संपेल ते. झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, फिल्टर, बल्ब, या बहुधा वगळलेल्या असतात. टायर आणि बॅटरीची जबाबदारी त्या त्या कंपनीकडे असते. टोइंगचा खर्च, अडकून पडल्यामुळे झालेलं हॉटेलचं बिल, वाया गेलेली रजा यांतलं काही वॉरंटीत येत नाही.

आणि बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते, ती बहुतेकजण वाचत नाहीत. वॉरंटीचं काम भारतातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच होईल, अशा अर्थाची. मग तुम्ही म्हणाल, पोखऱ्यात त्याच कंपनीची मोठी पाटी पाहिली होती. पाटी तीच असते, पण तिच्याखाली बसलेला वितरक बहुतेक वेळा वेगळी कंपनी असतो. त्याने नेपाळात विकलेल्या गाड्यांची जबाबदारी त्याच्यावर. तुमच्या गाडीचा चॅसिस नंबर त्याच्या यादीत नसतो. तो तुमची गाडी दुरुस्त करील, पण पैसे घेऊन. पार्टची किंमतही इथल्यापेक्षा जास्त लागू शकते, कारण तिच्यात नेपाळची जकात मिसळलेली असते. शिवाय आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानकं आली. तिथे विकलं जाणारं त्याच नावाचं मॉडेल वेगळ्या मानकांचं असेल, तर तुमच्या गाडीचा सेन्सर किंवा ईसीयू त्यांच्या फडताळात असेलच असं नाही.

विम्याचाही इथेच उलगडा करून टाकू, कारण लोक त्याची आणि वॉरंटीची गल्लत करतात. यांत्रिक किंवा विजेचा बिघाड मोटार विम्यात बसत नाही. विमा अपघाताचा, चोरीचा, दुसऱ्याला झालेल्या इजेचा. आणि तोही भारतापुरता. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांसाठी जादा हप्ता भरून भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं. ते पॉलिसीवर नोंदवून घ्या. त्याने बिघाडाचे पैसे मिळणार नाहीत, पण गाडी दरीकडेला घसरली तर हात रिकामे राहणार नाहीत.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर येऊ. दावा जिंकला जातो किंवा हरला जातो तो गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत. मिस्त्रीने पाना लावण्याआधी फोटो काढा. ओडोमीटर, डॅशबोर्डवर पेटलेला दिवा, नंबरप्लेट, चॅसिस नंबर, आणि गाडी उभी आहे ती जागा ओळखू येईल असा एक.

उदाहरणादाखल रेग्युलेटर-रेक्टिफायर घ्या. इंजिनवर तयार होणारी वीज बॅटरीला मानवेल अशी करून देणारा हा तळहाताएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. तो गेला की आधी हेडलाइट मंदावतो, मग सेल्फ नुसता टकटक करतो, आणि फ्युएल इंजेक्शनची गाडी धक्का मारूनही धड पेटत नाही. मल्टिमीटर बहुतेक मिस्त्रींकडे असतो. दुसऱ्या बॅटरीच्या आधाराने इंजिन चालू करून, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजायला सांगा. आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या घरात हवा. बारापाशी रेंगाळून खाली घसरत असेल, तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर चढत असेल, तर रेग्युलेटर विजेला आवर घालत नाही. मीटरचा आकडा आणि गाडी दोन्ही दिसतील असा व्हिडिओ घ्या. मग कनेक्टर उघडून पाहा. प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल, वितळलं असेल, तर त्याचा जवळून फोटो. असा पुरावा असला की “तुम्हीच काहीतरी केलं असेल” हे वाक्य सर्व्हिस मॅनेजरच्या तोंडून सहजासहजी निघत नाही.

यानंतर, दुरुस्तीला हात लावू देण्याआधी, कंपनीला कळवा. इथे एक अडचण येते. १८०० ने सुरू होणारे आपले टोल-फ्री नंबर परदेशातून बहुधा लागत नाहीत. म्हणून कंपनीच्या ग्राहक सेवेचा ईमेल, आणि ज्याच्याकडून गाडी घेतली त्या डीलरचा साधा फोन नंबर आधीच लिहून ठेवा. फोनवर बोललात तरी पाठोपाठ लेखी मजकूर पाठवा. तो असा असावा: “माझी गाडी अमुक मॉडेलची, चॅसिस नंबर अमुक, खरेदी अमुक तारखेची. आज अमुक तारखेला, अमुक किलोमीटरवर, नेपाळमधल्या अमुक गावी ती बंद पडली. चार्जिंग होत नाही. फोटो आणि व्हिडिओ सोबत आहेत. गाडी वॉरंटीत आहे. जवळचं अधिकृत केंद्र कोणतं, ते कळवावं. इथे पैसे भरून दुरुस्ती केली तर पार्ट आणि मजुरीची भरपाई मिळेल का, तेही लेखी कळवावं.” रागाचा एकही शब्द नको. उद्या हाच मजकूर ग्राहक आयोगापुढे वाचला जाईल, असं समजून लिहा.

उत्तर येईपर्यंत एक निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. दुरुस्ती तिथे करायची, की गाडी सीमेपलीकडे आणायची? बिघाड मोठा असेल, म्हणजे इंजिन उघडण्याइतका, आणि गाडी पिकअपवर घालून आणणं शक्य असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: आणा. सुनौलीची सीमा ओलांडली की तुम्ही भारतात आलात. पुढे शंभरेक किलोमीटरवर गोरखपूर आहे. तुमची वॉरंटी तिथे जिवंत आहे, रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर त्याचा फोनही लागतो. गाडी पुण्याला घेतली म्हणून गोरखपूरच्या अधिकृत केंद्राला वॉरंटीचं काम नाकारता येत नाही. मुस्तांगातल्या मिस्त्रीने इंजिन एकदा उघडलं, की आतला दोष कारखान्याचा की त्याच्या हातचा, हा वाद निस्तरता निस्तरत नाही.

तिथे थांबा किंवा परत फिरा, भन्सारच्या मुदतीवर मात्र नजर ठेवा. परवानगी जितक्या दिवसांची, तितक्याच दिवसांत गाडी नेपाळबाहेर यायला हवी. “गाडी बंद होती हो” या सबबीवर दंड माफ होईल, अशी आशा धरू नका. मुदत संपण्याआधीच जवळच्या भन्सार कार्यालयात जाऊन ती वाढवून घ्या. नेपाळ-भूतानच्या पुढे, कार्ने, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा जकातीचा दस्तऐवज, घेऊन लांबच्या देशांत जाणाऱ्यांना तर हे अधिकच लागू. गाडी त्या देशाबाहेर गेल्याचा शिक्का कार्नेवर नसेल, तर तुमची अनामत अडकते.

बिघाड किरकोळ असेल आणि तिथेच दुरुस्ती करायची ठरली, तर शक्यतो त्याच कंपनीच्या अधिकृत वितरकाकडे करा. आणि बिल नीट घ्या. नेपाळी बिलावर तारीख विक्रम संवताची असते, इसवी सनापेक्षा ५६-५७ वर्षं पुढची, आणि रक्कम नेपाळी रुपयांत. इथल्या कारकुनाला ती तारीख छपाईची चूक वाटते आणि कागद बाजूला पडतो. म्हणून बिलावर इसवी तारीखही लिहून मागा. सोबत गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, किलोमीटर, पार्टचा क्रमांक आणि मजुरी वेगळी. आपला एक रुपया म्हणजे तिथले एक रुपया साठ पैसे. ८,००० नेपाळी रुपयांचं बिल असेल तर दाव्यात ५,००० भारतीय रुपये लिहा आणि हिशेब शेजारी मांडा.

आणि काढलेला जुना पार्ट. तो मिस्त्रीच्या भंगाराच्या डब्यात जाऊ देऊ नका. फडक्यात गुंडाळून, वर तारीख आणि किलोमीटरची चिठ्ठी लावून बॅगेत ठेवा. दोष कशात होता हे तो पार्ट तपासूनच ठरतं. पार्ट नाही तर दावा नाही, असं बहुतेक कंपन्या म्हणतात, आणि त्यात तथ्यही आहे.

घरी परतल्यावर गाडी अधिकृत केंद्रात न्या आणि जॉब कार्डावर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. “जनरल चेकअप” एवढ्यावर सही करू नका. पार्ट तपासणीला देताना पोच घ्या. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. नेहमीची तीन कारणं ऐकून ठेवा. सर्व्हिस चुकली, गाडीत बदल केले, आणि बिघाड परदेशात झाला.

पहिल्यावर उपाय निघण्याआधीच करायचा असतो. महाराष्ट्रातून मुक्तिनाथ जाऊन-येऊन चार-साडेचार हजार किलोमीटर सहज होतात. मधे सर्व्हिसची वेळ येत असेल तर ती आधी उरका, नाहीतर वाटेत भारतातल्या अधिकृत केंद्रात करून नोंद घ्या. दुसरं कारण नेहमीच खोटं नसतं. वायरिंग कापून जादा फॉग लॅम्प जोडले आणि चार्जिंग गेलं, तर कंपनीचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण सामानाचा कॅरियर लावला म्हणून फ्युएल पंपाचा दावा नाकारला, तर त्या दोहोंचा संबंध काय, हे लेखी विचारा. तिसऱ्यावर तुमचा युक्तिवाद असा: तिथे केलेल्या दुरुस्तीचे पैसे देणं तुमच्या पुस्तिकेत बसत नसेल, मान्य. पण दोष गाडीत मुळातच होता, वॉरंटीची मुदत चालू आहे, आणि गाडी आता भारतातल्या तुमच्या केंद्रात उभी आहे. मग तो भाग बदलून द्यायला हरकत कोणती?

एवढ्यानेही भागलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथून ती कंपनीकडे जाते आणि बरीच प्रकरणं या टप्प्यावरच मिटतात. न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. जिथून गाडी घेतली तिथेच जावं लागत नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. गाडीची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. डीलर आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. सदोष भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. जुना पार्ट जपायला सांगितला तो यासाठीही. मागणी मात्र मापात ठेवा. पार्ट, मजुरी, झालेला प्रत्यक्ष खर्च, मनस्तापाची वाजवी भरपाई. साध्या रेग्युलेटरसाठी नवी कोरी गाडी मागितलीत, तर खऱ्या मागणीचंही वजन कमी होतं.

शेवटी, अजून निघाला नसाल त्यांच्यासाठी. या आठवड्यात कंपनीला एक मेल टाका. चॅसिस नंबर द्या, नेपाळात कधीपासून कधीपर्यंत असाल ते कळवा, आणि विचारा: तिथे गाडीत दोष निघाला तर कुणाशी संपर्क साधायचा, आणि कोणता खर्च तुम्ही द्याल? उत्तर आलं तर त्याची छापील प्रत आरसी बुकासोबत ठेवा. नाही आलं, तरी तुम्ही आधी विचारलं होतं याची नोंद तुमच्या हाती राहील आणि पुढे दावा करताना ती तुमच्या बाजूने बोलेल.