जुन्या टेबलाला जुना दिवा



आपल्या परभणी जिल्ह्यात जुना वाडा उतरवायला काढला, की आधी सामान बाहेर पडते. सेलू, मानवत, पाथरी या भागात मी हे अनेकदा पाहिले आहे. सागवानी टेबल जळणाच्या भावात जाते आणि त्यावरचा पितळी दिवा मोडीत. दोन्हींचे मोल वजनावर ठरते. माझे म्हणणे एवढेच, की या दोन वस्तू विकण्याआधी एकदा जोडीने मांडून पाहा.

ही जोडी कशी जमली? 1900 च्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडकडे रेल्वे सुरू झाली आणि इथल्या कापसाच्या व्यापाराला वेग आला. आडतीच्या दुकानात गादीवर बसून, उतरत्या झाकणाच्या पेटीवर वह्या लिहिल्या जात. शेजारी काचेचा रॉकेलचा दिवा असे. ऑस्ट्रियाच्या डिटमार कंपनीचे नाव तर आपल्याकडे कंदिलालाच चिकटले होते. पुढे 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली. शाळा, कचेऱ्या वाढल्या, घराघरांत टेबल-खुर्ची आली. त्या काळच्या टेबलांना नक्षी कमी, पाय निमुळते, आणि सांधे खिळ्यांऐवजी खाचेत लाकूड बसवून केलेले. वीज आली तेव्हा त्यावर बल्बचा दिवा आला.

तो दिवा त्या लाकडावर शोभतो, त्याचे कारण उजेडात आहे. सागवान पिवळसर-तपकिरी, त्यावर चपडीचे पॉलिश. बल्बच्या पिवळ्या उजेडात त्याच्या रेषा उठून दिसतात. पांढऱ्याशुभ्र उजेडात तेच लाकूड मळकट वाटते. म्हणून एलईडी घेताना खोक्यावरचा आकडा वाचा. 2700 केल्व्हिन म्हणजे पिवळा उजेड, 6500 म्हणजे पांढरा.

जोडी लावताना माझा साधा नियम आहे. टेबल नक्षीदार असेल तर दिवा साधा, आणि टेबल साधे असेल तर दिवा थोडा नटवा चालतो. दोन्ही नटवे झाले, तर नजर कुठेच ठरत नाही. खुर्चीत बसल्यावर दिव्याच्या टोपीची खालची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत यावी, म्हणजे बल्ब डोळ्यांत घुसत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा. दिव्याच्या बुडाला बनातीचा तुकडा लावला, तर पॉलिशवर चरे पडत नाहीत. आणि चिंच लावून पितळ घासायचेच असेल, तर आतली वायर, होल्डर आधी काढून घ्या आणि दिवा टेबलापासून दूर न्या. आंबट पाण्याचे डाग लाकडावर बसतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. जुन्या दिव्याची वायर कापडाने गुंडाळलेली आणि आत रबराची असते. वर्षांनुवर्षे ते रबर कडक होऊन तडकते. उघडी तार पितळेला टेकली, की सगळा दिवाच विजेचा होतो. दिवा लागतो, म्हणजे तो ठीक आहे असे मुळीच नाही. अभ्यासाला बसलेले मूल दिवा सरकवायला हात लावते, तो नेमका त्या पितळेलाच. म्हणून जुना दिवा घरात आला, की प्लगमध्ये घालण्याआधी जाणत्या वायरमनकडून वायर आणि होल्डर बदलून घ्या. तीन पिनांचा प्लग लावा, तिसरी तार पितळी खांबाला जोडा, आणि घरातले अर्थिंग खरोखर चालू आहे का तेही तपासा. जुना 60 वॅटचा बल्ब आपल्या विजेतली बहुतेक उष्णतेतच घालवतो; त्याने कापडी टोपी करपते. 9 वॅटचा एलईडी जवळपास तेवढाच उजेड देतो आणि टोपीही वाचते.

हा सगळा खर्च नव्या प्लायवूडच्या टेबलापेक्षा बहुधा कमीच येतो. पण ही जोडी दिवाणखान्यात नुसती सजवून ठेवू नका. तिच्यावर मुलांना अभ्यास करू द्या, घरचे हिशेब लिहा. रोज हात फिरणाऱ्या लाकडाला वाळवी लागली तर ती लवकर दिसते, आणि वापरातली वस्तू सहसा कोणी मोडीत काढत नाही. वाडा उतरवायचे ठरले, की मोडवाल्याच्या आधी एकदा सुताराला बोलवा, आणि त्याच्याबरोबर वायरमनलाही.